आईची बाग थंडीने करपली, उपटून टाकू का?

एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात:

मुलुंडला राहणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या या ताईंच्या आईने महाबळेश्वरजवळ, वेण्णा तलावाच्या बाजूला खोलगट जागी असलेल्या छोट्या घराभोवती तीस वर्षं बाग वाढवली. आई दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून ताई महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन येतात. रोजचं बघायला आईच्या वेळचेच राखणदार मामा आहेत. यंदा जानेवारीत सलग तीन पहाटे तिथे दव गोठलं. मामांनी पाठवलेल्या व्हिडिओत जास्वंद, बोगनवेल, लिंबू, सोनचाफा, केळी, पपई, सगळं काळंठिक्कर. घाबरून ताईंनी रोज पाणी आणि दर आठवड्याला युरिया घालायला सांगितलं. ठाण्याचा भाऊ म्हणतो, जेसीबी बोलावून जागा साफ करू आणि पेव्हर ब्लॉक टाकू. ताई लिहितात, "आईच्या हातात तीस वर्षं जगलं ते माझ्या हातात दोन वर्षांत जळालं. आईच्या वेळी असं कधी झालं नाही. पेपरात तर महाबळेश्वरचं तापमान आठ-नऊ अंश होतं, मग माझ्याच बागेत बर्फ कसा? होळीला जाणार आहे. काय काय उपटायचं तेवढं सांगा."

ताई,

आधी एक काम करा. मामांना फोन लावा आणि सांगा, युरिया आजपासून बंद आणि पाणी रोज नको. मग उरलेलं सावकाश वाचा.

झाड पाणी ओढतं ते बरंचसं पानांच्या जोरावर. पानंच गेली तर मुळांना पाण्याची गरज जेमतेम उरते. त्यात रोज बादलीभर ओतलं की आळ्यात चिखल होतो, मुळांना हवा मिळत नाही आणि थंडीतून वाचलेली मुळं कुजायला लागतात. मामांना सांगा, मातीत बोट दोन पेरं खुपसून बघायचं. खाली ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. युरियाचं नुकसान वेगळं आहे. तो झाडाला "फूट काढ" म्हणून ढोसतो. झाड अंगात होतं नव्हतं ते खर्चून लुसलुशीत कोंब काढतं आणि महाबळेश्वरला फेब्रुवारीतही एखादी कडक पहाट येऊ शकते. ते कोंब सगळ्यात आधी जळतात. नवी पालवी चांगली वीतभर दिसेपर्यंत कुठलंही खत नको, शेणखतसुद्धा नको. तुम्ही हे सगळं मायेपोटी केलंत हे मला कळतं. पण आजारी माणसाला पहिल्या दिवशी पुरणपोळी वाढत नाहीत, तसंच हे आहे.

आता तुमचा प्रश्न. काय काय उपटू, असं तुम्ही विचारलंत. काय मेलं आहे, हे ठरलेलंच आहे असं तुम्ही धरून चाललात. ते अजून ठरलेलं नाही.

आपण मुंबईची माणसं. सांताक्रूझला आजवरचं सगळ्यात कमी तापमान ७.४ अंश नोंदलं गेलं, तेही २२ जानेवारी १९६२ ला. म्हणजे आपल्यातल्या कुणीच इथे गोठलेलं झाड पाहिलेलं नाही. काळं पान दिसलं की आपल्याला बुरशी, कीड नाहीतर मरण, एवढंच सुचतं. गोठण्यात काय होतं ते बघा. पारा शून्याच्या खाली गेला की पानातल्या पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी आधी गोठतं आणि गोठता गोठता पेशींच्या आतलं पाणीही बाहेर ओढून घेतं. पेशी आतून सुकतात, त्यांचं आवरण फाटतं. ऊन येऊन बर्फ वितळला की पान उकडलेल्या पालकासारखं लोंबतं आणि दोन-तीन दिवसांत काळं पडतं. हे आधी होतं पानांना, कोवळ्या शेंड्यांना आणि काडीएवढ्या डहाळ्यांना. जाड खोडाला थंडी उशिरा पोचते आणि मुळांपर्यंत तर आपल्याकडे ती पोचतच नाही. वेण्णेच्या काठी गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर हिमकण साचतात, पण खाली माती गोठत नाही. दिवसभर घेतलेली ऊब ती धरून असते.

हा फरक मोठा आहे. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत असे काही वाचकही मला हेच विचारत असतात. टेक्ससमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये डॅलसला पारा उणे १९ अंशांपर्यंत उतरला होता आणि थंडी कितीतरी दिवस हटली नाही. तिथेही जाणत्या माळ्यांचा सल्ला एकच होता: थांबा, उन्हाळा लागेपर्यंत कुऱ्हाड लावू नका. आणि खरोखरच पानं करपलेले अनेक ओक नंतर फुटले. तुमच्याकडे तर पहाटेचे दोन-तीन तासच काय ते थंडीचे.

पेपरातल्या तापमानाचं कोडंही इथेच सुटतं. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या लाकडी पेटीत असतो. तो हवेचं तापमान सांगतो, तुमच्या जास्वंदीच्या पानाचं नाही. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उघड्यावरचं पान आपली ऊब सरळ आभाळाकडे सोडत राहतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं. शिवाय गार हवा जड. ती पाण्यासारखी उतारावरून ओघळते आणि खोलगट जागी साठते. म्हणून गावात स्वेटरची थंडी असते आणि वेण्णा तलाव, लिंगमळा भागात दव गोठल्याचे फोटो येतात. तुमची जागा अशाच खोलगटात आहे. व्हरांड्याच्या पत्र्याखालची तुळस हिरवीगार आहे असं तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय. ती पत्र्यामुळेच वाचली. डोक्यावर छप्पर होतं, तिची ऊब आभाळाला गेली नाही. मामांनी काही कमी-जास्त केलं असतं तरी उघड्यावरच्या झाडांना त्या पहाटे टळल्या नसत्या. अंगणातल्या मोकळ्या तुळशीच्या मात्र मंजिऱ्या आत्ताच चुरडून बी ठेवा. तुळस बुडापासून परत येण्याचा भरवसा नसतो, बियांचा असतो.

होळीला जाल तेव्हा छाटायची कात्री नेऊ नका. लाल दोऱ्याचं रीळ न्या.

प्रत्येक झाडाच्या एका फांदीवर शेंड्यापासून सुरुवात करा. अंगठ्याच्या नखाने साल अगदी हलकेच, तांदळाच्या दाण्याएवढी खरवडा. खाली तपकिरी, कोरडं लागलं तर तेवढा भाग गेला. चार बोटं खाली या, पुन्हा खरवडा. जिथे सालीखाली ओलसर हिरवा पापुद्रा दिसेल तिथे थांबा. झाड तिथपर्यंत जिवंत आहे. त्या जागी लाल दोरा बांधा, मोबाइलवर फोटो काढा. मामांना सांगा, दर पंधरा दिवसांनी त्याच फांदीचा, त्याच बाजूने फोटो पाठवायचा. कधीकधी दोरा बांधल्यावरही मरण खाली सरकत जातं, कधी दोऱ्याच्या खाली डोळे फुगायला लागतात. दोन-तीन फोटो जोडून पाहिलेत की तुमचं तुम्हालाच उमगेल. देवचाफा असेल तर त्याला खरवडायला नको. वरचं मऊ पडलेलं टोक दाबून बघा आणि चीक पांढरा, दाट येतोय का तेवढं पाहा. तसाही मुंबईतला चाफा दर हिवाळ्यात निष्पर्ण ठुंठ होऊन उभा असतो आणि आपण कुणी त्याला मेलेला म्हणत नाही. पांगारा, काटेसावरही पानं टाकून उभे असतात.

करपलेल्या फांद्या तशाच लोंबत ठेवायच्या हे बघवत नाही, मला माहीत आहे. पण ती वाळकी पानं खालच्या जिवंत भागावर पांघरुणासारखी असतात आणि छाटणी म्हणजेसुद्धा झाडाला फुटायचा इशाराच. मी हे पुस्तकातून सांगत नाही. कॉलेजात असताना निफाडला मावशीकडे गेले होते. तिकडे थंडी किती कडक असते हे द्राक्षबागायतदारांना विचारा, रात्ररात्र बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात आणि भल्या पहाटे वेलींना पाणी देतात. मावशीच्या अंगणातली जास्वंद अशीच काळी पडली होती. ती शेतावर गेलेली असताना मी तिला मदत म्हणून अख्खं झाड कमरेपर्यंत छाटलं. कापलेल्या तीन-चार फांद्या आतून पांढऱ्या-हिरव्या, रसरशीत निघाल्या. त्या क्षणी हातातली कात्री जड झाली. पंधरा दिवसांत झाडाने कोंब काढले आणि मग आलेल्या थंडीने ते नेले. जास्वंद वाचली, पण आषाढापर्यंत ती खुरटलेलीच होती. मावशी रागावली नाही. "थांबायचं होतंस गं," एवढंच म्हणाली. ते थांबणं मी तेव्हापासून शिकते आहे.

तुमची झाडं आता एकेक करून घेते, कारण सगळ्यांना एकच नियम नाही.

केळी आणि पपई यांच्याबाबत थांबायचं नाही. केळीचं जे खोड आपण म्हणतो ते पानांच्या देठांचीच गुंडाळी. ते गोठून पिचपिचीत झालं की कुजतं, वास मारतं. मामांना ते आत्ताच जमिनीपासून वीतभर ठेवून कापू दे. कंद मातीत सुखरूप असतो, बाजूने पिल्लं येतात. हळद, आलं, सोनटक्का असेल तर त्यांचंही तसंच, वरचं गेलं तरी जमिनीतलं राहतं. पपईबद्दल मात्र मन घट्ट करा. तिचं खोड आतून पोकळ, शेंडा गेला आणि खोड दाबल्यावर मऊ लागलं तर ती गेली. पपई बियांपासून झपाट्याने येते, तिच्यासाठी रडू नका.

लिंबाकडे नीट बघा. पानं गळून पडली असतील तर आनंद माना, कारण पान गाळायलासुद्धा डहाळी जिवंत असावी लागते. पानं वाळून फांदीलाच चिकटून राहिली असतील तर बहुतेक ती डहाळी गेली. लिंबाला लगेच छाटू नका. पाऊस पडून फूट येईपर्यंत तो कुठवर मागे वाळत जाणार हे कळत नाही. एक धोका मात्र आत्ताचा आहे. पानांची सावली गेल्यामुळे मार्च-एप्रिलचं ऊन सरळ खोडावर येईल आणि साल भाजून तडकेल. खोडाला आणि जाड फांद्यांना विरी गेलेल्या चुन्याचा पातळ हात द्यायला सांगा. बागायतदार बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप लावतात, तो मिळाला तर अजून चांगलं.

गुलाबांना फारसं काही झालेलं नसेल. फक्त कलमाचं एक बघा. गुलाब असो, कलमी लिंबू असो की आंबा, जिथे डोळा भरलाय किंवा कलम बांधलंय तिथे खोडावर गाठ दिसते. नवी फूट त्या गाठीच्या वर आली तर झाड तुमचं. गाठीच्या खालून आली तर ती खुंटाची, म्हणजे रानटी. पानं वेगळी असतात, काटे वेगळे. ती वेळीच मोडली नाही तर दोन वर्षांनी "आईचा गुलाब बदलला" असं वाटायला लागेल.

बोगनवेल आणि जास्वंद बुडापासून फुटणारी झाडं. वरून कोळसा झाली तरी मे अखेरपर्यंत त्यांच्याकडे आशेने बघायला हरकत नाही. सोनचाफ्याची मला थोडी काळजी आहे. किती जुना आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. खोड मांडीएवढं असेल तर तो यातून निघेल, दोन वर्षं फुलं कमी येतील. मनगटाएवढाच असेल तर दोऱ्यावर लक्ष ठेवा.

आणि आता त्या जास्वंदीबद्दल, जिच्यासाठी तुम्ही सगळ्यात जास्त लिहिलंत. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. बुडाशी सहा-सात जाड खोडं आहेत, जवळजवळ सारख्याच जाडीची, गोलाकार निघालेली. आणि त्यांच्या मधोमध, पाचोळ्यात अर्धा बुडालेला, मनगटापेक्षा जाड असा एक जुना, पोखरलेला खुंट आहे. ताई, एका खोडाची जास्वंद कधीतरी जमिनीपर्यंत गेली आणि मग भोवतीने फुटली की ती अशी दिसते. कुणी मुद्दाम बुडापासून तोडली तरी अशीच दिसेल, पण तुमची आई फुलं येणारी जास्वंद मुळाशी तोडणारी नव्हती, हे तुमच्याच पत्रावरून कळतं. "आईच्या वेळी असं कधी झालं नाही" हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुमची बँकेतली नोकरी, मुलांच्या शाळा. जानेवारीत तुम्ही तिथे किती वेळा होतात? सुट्टी मिळायची ती मे महिन्यात. मेमध्ये जाणाऱ्याला फक्त फुटलेली झाडं दिसतात. आई फोनवर "यंदा जास्वंद करपली" असं सांगणाऱ्यातली होती का? की फुलं आली की मगच सांगायची?

मामांना विचारा. ते तेव्हापासून आहेत. बागेत बसवून, चहा हातात देऊन विचारा की आई असताना कुठली कुठली झाडं गेली आणि कुठली परत आली. तुमच्या हातून जळालं हे जे तुम्ही मनाशी पक्कं केलंय, ते मला खरं वाटत नाही. आईची झाडं राखणं म्हणजे आईला राखणं, असं काहीसं झालंय का? झालं असेल तर त्यात चूक काही नाही. फक्त त्या ओझ्याखाली तुम्ही झाडांना रोज पाणी पाजत राहाल, आणि ते त्यांना सोसणार नाही.

भावाबद्दल. तुमच्या पत्रात ते निष्ठुर दिसतात, पण त्यांचा प्रश्न खोटा नाही. मुलुंडहून अडीचशे किलोमीटरवरची बाग, तुम्ही साठीच्या पुढे, मामाही थकत चालले असतील. ही बाग पुढे कोण सांभाळणार, हे तुम्हा दोघांना बोलावंच लागेल. मात्र तो प्रश्न आणि यंदाच्या थंडीचा प्रश्न एकत्र करू नका. फेब्रुवारीत करपलेली बाग बघून घेतलेला निर्णय हा बागेबद्दलचा नसतो, त्या काळ्या रंगाबद्दलचा असतो. त्यांना एक तारीख द्या. मृगाचा पाऊस पडून पंधरा दिवस झाले की दोघांनी मिळून जायचं आणि जे फुटलं नसेल ते त्यांच्या हाताने काढायचं. तारीख दिली की "ताई ऐकतच नाही" हा त्यांचा त्रागा बराचसा उतरेल. जेसीबीला मात्र ठाम नाही म्हणा. तो जिवंत मुळं आणि मेलेली मुळं असा भेद करत नाही. पेव्हर टाकायचेच असतील तर फाटकापासून व्हरांड्यापर्यंतची वाट करू दे. पावसात तिथे चिखल होत असणारच आणि त्यांचाही शब्द राहील.

आईची झाडं मुंबईला आणावी का, असं तुम्ही एका ओळीत विचारलंय. आणा, पण आत्ता नको. करपलेल्या फांदीची काडी लागत नाही. जूनमध्ये नवी फूट निबर झाली, की जास्वंदीच्या पेन्सिलीएवढ्या काड्या वीतभर कापून आणा. मोगरा, बोगनवेलही काडीने येतात. सोनचाफा काडीने सहसा लागत नाही, त्याची पावसाळ्यात गुटी बांधायला, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फोडून घ्यायला, एखाद्या जाणत्या माळ्याला सांगा. हायड्रेंजियाचा मोह मात्र टाळा. मुलुंडच्या एप्रिलमध्ये त्याचे हाल होतील. त्याला तिथेच राहू दे. यंदा फुलं आली नाहीत तरी घाबरू नका, त्याच्या बऱ्याच जातींच्या कळ्या मागच्या वर्षीच्या लाकडावर धरलेल्या असतात, त्या थंडीने गेल्या असतील.

जे खरोखर गेलं त्याच्या जागी नवं लावायचं तर पावसाळ्यातच, म्हणजे पुढच्या थंडीपर्यंत मुळं धरतात. आणि मुंबईच्या नर्सरीतून रंगीत क्रोटन वगैरे घेऊन जाऊन खोलगट भागात उघड्यावर लावू नका. ती भिंतीच्या कडेला, पत्र्याच्या छायेत.

पुढच्या डिसेंबरसाठी मामांना एवढंच सांगून ठेवा. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि संध्याकाळीच बोटं गारठायला लागली तर ती रात्र धोक्याची. त्या दिवशी दुपारीच आळ्यांना पाणी द्यायचं, ओली माती ऊब जास्त साठवते. कुंड्या व्हरांड्यात ओढायच्या. लहान झाडांवर चार काठ्या रोवून जुनी सुती साडी किंवा गोणपाट सूर्यास्तापूर्वी टाकायचं, कडा जमिनीला टेकलेल्या हव्यात म्हणजे मातीची ऊब आत राहते. ऊन आलं की काढायचं. प्लास्टिक टाकलंच तर पानांना लागता कामा नये, जिथे टेकतं तिथे पान जळतं. सगळी बाग झाकणं मामांना जमणार नाही, तेव्हा आईची म्हणून जी चार झाडं तुम्हाला सगळ्यात प्रिय आहेत ती आत्ताच त्यांना दाखवून ठेवा.

होळीहून परतलात की त्या मधल्या जुन्या खुंटाबद्दल मामा काय म्हणाले ते मला नक्की कळवा.